‘सोड’ मीच म्हणालो

कुणी काही बोललं की हवालदार आधी त्या माणसाच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, आपला तळहात ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसता ठेवायचे. मग डोळे बारीक करून म्हणायचे, “थांबा राव. ह्यो शब्द कंच्या वाटंनं आलाय त्ये बगू द्या.” आणि मगच भाषांतर करायचे.

दुभाषे तुम्हीही पाहिले असतील. बहुतेकांना घाई असते. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं सुरू होतं. हवालदारांचं तसं नव्हतं. कधीकधी ते इतका वेळ घेत की बोलणारा साहेब आणि ऐकणारे मजूर दोघेही त्यांच्या तोंडाकडे बघत ताटकळत उभे राहत. मला त्याची गंमत वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवड स्टेशनाबाहेर पडलं की ज्वारीची रानं लागत, आणि त्या रानांत कुणीतरी मोजणीच्या खुंट्या ठोकून ठेवलेल्या असत. आज इथे ज्वारी आहे, उद्या काय असेल ते त्या खुंट्यांनाच ठाऊक. पवनेच्या काठी एक पुठ्ठ्याचा कारखाना उभा राहत होता. आज त्याची भिंतही शिल्लक नाही, म्हणून नाव सांगत नाही. त्याचं यंत्र इटलीहून मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून आलं होतं, आणि ते जोडायला तिकडूनच एक फिटर आला होता. मी ऑफिसात टायपिस्ट होतो.

फिटरला इंग्रजी येत नव्हतं. मॅनेजर इंग्रज होते, त्यांना इटालियन येत नव्हतं. यंत्र उचलून बसवणारे खलाशी कोकणातले, त्यांना या दोन्ही भाषा येत नव्हत्या. अशा ठिकाणी कुरुळीचा एक शेतकरी सायकलवरून आला आणि गेटवरच्या पठाणाला म्हणाला, “मला इटलीची भाषा येती.” पठाणाने त्यांना खाडकन सलाम ठोकून ‘हवालदारसाब’ म्हटलं. पलटणीत ते नाईक होते. बढती त्यांना गेटवर मिळाली, आणि पुढे सगळ्यांनी तीच चालवली.

लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात ते पकडले गेले होते. तिथून इटलीत कैद्यांच्या छावणीत. पुढे इटलीने शरणागती पत्करली, पहारेकरी पळाले आणि कैदीही वाट फुटेल तिकडे गेले. हवालदार नऊ महिने डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या घरी गोठ्याच्या माळ्यावर लपून राहिले. त्या घरातल्या म्हातारीने त्यांना भाषा शिकवली. पलटणीत कामापुरतं इंग्रजी आणि रोमन लिपीतलं हिंदुस्थानी शिकले होते, त्यामुळे अक्षरंही वाचता-लिहिता यायची.

इटालियन फिटर पंचेचाळिशीचा, ठेंगणा, विरळ केसांचा आणि कामाला वाघ होता. त्याच्या तोंडात एक शब्द सारखा असायचा. “लाशा! लाशा!” पाना कुणी चुकीचा धरला की लाशा. वाटेत कुणी उभं राहिलं की लाशा. जेवायला बोलावलं तरी हात झटकून लाशा.

एक दिवस खलाशांचा मुकादम धोंडू हवालदारांकडे आला. मालवणकडचा काळासावळा, दोरासारख्या दंडांचा माणूस. म्हणाला, “हवालदारानू, हो सायब सकाळपासून मुडदे कित्याक मागता?”

आम्ही हसलो. धोंडू हसला नाही. म्हणाला, “माझी मानसां घाबरतत. उंचावर काम करताना असा काय कानार पडूक नको.”

हवालदारांनी फिटरच्या हातावर तळहात ठेवून त्याला ते समजावलं. त्याच्या शब्दाचा इकडे कानाला काय अर्थ लागतो ते कळल्यावर तो पांढराफटक पडला. त्याने छातीवर क्रूस काढला. मग आठ दिवस त्याने तो शब्द गिळला. खोकला दाबून धरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा लाल व्हायचा. नवव्या दिवशी एका मजुराने त्याच्या पायावर हातोडा पाडला आणि सगळे गिळलेले ‘लाशा’ एकदम बाहेर आले. तेव्हापासून खलाशी त्याला लाशासाहेब म्हणू लागले. नाव विनोदाने पडलं होतं, पण ते उच्चारताना आवाज खाली यायचा.

दुपारी बाभळीखाली चहा पिताना मी हवालदारांना विचारलं, “या शब्दाचा खरा अर्थ तरी काय?”

“कंचा सांगू?” ते म्हणाले. “म्हातारी कुत्र्याला ‘लाशा’ म्हनायची, म्हंजी त्वांडातलं टाक. दार उघडंच ऱ्हाऊ दे म्हनायचं तरी लाशा. मला जाऊ द्या, वाट सोडा, लाशा. ‘लाशा स्तारे’ म्हंजी असू दे, नाद करू नगं. आन् तिचा दादला वारला हुता ना, त्येच्याबद्दल सांगताना बी त्योच शब्द. आमाला सोडून ग्येला, म्हनायची.”

“आमच्या इंग्रजी ‘लीव्ह’सारखंच,” मी म्हणालो. “ठेवणं, निघून जाणं, मागे ठेवून मरणं, सगळं त्यात येतं. वर रजेला पण तेच म्हणतात.”

“मग आपलं तरी काय येगळं हाय? बैलाचं दावं सोड. पाटाला पानी सोड. उपास सोड. इडी सोड. नवऱ्यानं सोडली. म्हातारा जीव सोडंना.” ते हसले आणि मग हसू हळूहळू पुसलं गेलं. “एक डाव ह्या शब्दानं मी मेलोच हुतो, राव.”

तो प्रसंग त्यांनी सांगितला तो असा. ते माळ्यावरून उतरून बादली घेऊन विहिरीकडे निघाले होते. म्हातारी दारातून दबक्या आवाजात म्हणाली, “लाशा!” त्यांना वाटलं, निघून जा म्हणतेय, घरात कुणीतरी आलंय. ते गोठ्याच्या मागच्या दाराने अंगणात पळणार, इतक्यात म्हातारीने धावत येऊन त्यांचा हात मनगटाच्या वर घट्ट पकडला. तिला म्हणायचं होतं, ती बादली राहू दे, आहेस तिथे थांब. अंगणात जर्मन शिपायांची गाडी उभी होती.

“तवापास्नं मी मानसाला हात लावल्याबिगर त्येचा शब्द घेत न्हाई,” हवालदार म्हणाले. “हाताला कळतंय त्ये कानाला कळत न्हाई.”

त्याच आठवड्यात त्यांनी एक कायदा केला. पुठ्ठा वाळवायचे बिडाचे अजस्र रूळ बसवायचं काम सुरू होणार होतं. एकेक रूळ हत्तीएवढ्या वजनाचा. तो कप्प्यांवरून दोराने उचलायचा, दोराचं शेपूट एका जाड खांबाला तीन वेढे घालून धोंडूने धरायचं. खलाशांची दोरावरची बोली वेगळीच असते. ‘हबेस’ म्हणजे ओढा, वर घ्या. ‘आरिया’ म्हणजे हळूहळू खाली येऊ द्या. हवालदारांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, दोर हातात असताना हे दोनच शब्द. थांबायचं असलं तर मी हात वर करीन. ‘सोड’ हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. आणि रूळ हवेत असेपर्यंत बाकीची सगळी कामं बंद. ठोकाठोक नाही, बोलणं नाही.

फिटरला हे फार पटलं. पुढचे चार महिने रूळ उचलायची वेळ झाली की सगळा कारखाना गप्प व्हायचा. पवनेवरच्या टिटवीचा आवाज ऐकू यायचा. त्या शांततेत हवालदार फिटरच्या हातावर तळहात ठेवून उभे असत आणि हलक्या आवाजात म्हणत, “आरिया... आरिया...” एकेक रूळ झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा जागेवर बसायचा. अकरा रूळ बसले. एकाचंही नख दुखावलं नाही.

बारावा राहिला होता.

उद्घाटनाला मंत्री येणार असं पत्र आलं. ते मीच फाइलला लावलं. दिवस थोडे उरले होते आणि छप्पर अर्धंच झालं होतं. मॅनेजरसाहेब वाईट मनुष्य नव्हते, पण त्या पत्रानंतर त्यांना जेवण जात नव्हतं. त्यांनी हुकूम काढला : यापुढे कुठल्याही कामासाठी दुसरं काम थांबणार नाही. हवालदार त्यांच्याकडे गेले. रूळ उचलताना तरी आवाज नको, म्हणाले. साहेबांनी घड्याळ दाखवलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काय झालं?”

“न्हाई म्हनले,” हवालदार म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “राव, आज माझा हात गार पडलाय बगा.” मी हात धरून पाहिला. वैशाखाचं ऊन होतं, आणि त्यांचा तळहात रांजणासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी साहेबांची सही घ्यायला यंत्राजवळ गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. वर पत्रे ठोकणं चालू होतं. मागे खडी फोडत होते. रूळ डोक्याएवढ्या उंचीवर टांगलेला होता आणि फिटर खाली सांगाड्यात वाकून त्याची बैठक पाहत होता. हवालदार त्याच्या शेजारी हवे होते, पण साहेबांनी त्यांना आपल्याजवळ बोलावून घेतलं होतं. यांत्रिक गोष्टी आपल्याला लगेच समजायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे हवालदार आणि फिटर यांच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर पडलं. तळहात पोचण्यासारखं नव्हतं.

फिटरला बैठकीत काहीतरी दिसलं. खडा असेल, कचरा असेल. त्याने मान वर न करता हात हलवला आणि ओरडला, “लाशा! लाशा!”

आहे तसंच राहू दे, असं त्याला म्हणायचं होतं. आज मला ते स्पष्ट कळतं. साहेबांनाही त्याच्या हातावरून ते कळलं. तेही हवालदारांच्या कानाशी ओरडले, “लीव्ह इट! टेल देम टु लीव्ह इट!”

एका कानात लाशा, दुसऱ्या कानात लीव्ह. वर पत्र्यावर हातोडे पडत होते. हवालदारांचा हात वर जायला निघालेला मी पाहिला. तो खांद्यापर्यंतच आला. त्याच्या आधी त्यांच्या तोंडातून शब्द गेला.

“सोड!”

हवालदार साहेबांजवळ आल्यामुळे धोंडूची पाठ आमच्याकडे होती. चार महिने तो फक्त या आवाजावर चालला होता. कुणीही मोडू नये म्हणून केलेला कायदा हवालदार स्वतः मोडतात, म्हणजे वर कप्पीत कुणाचा तरी हात अडकला असणार, असंच त्याला वाटलं. गावी जाईपर्यंत तो मला हे शंभरदा म्हणाला. त्याने खांबावरचे वेढे एका झटक्यात उडवले.

पुढचं सांगत नाही. आवाज झाला, आणि त्या आवाजानंतर पत्र्यावरचे हातोडे आपोआप थांबले. चार महिन्यांची ती शांतता परत आली. खलाशांनी रूळ पुन्हा उचलला, कुणी हबेस म्हणायची गरज पडली नाही. हवालदार सांगाड्यात उतरले. फिटरचा एक हात तेवढा धड राहिला होता. त्या हातावर, मनगटाच्या जरा वर, त्यांनी तळहात ठेवला आणि साहेबांचं बोलावणं येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

परदेशी माणूस मेला होता. मोठं प्रकरण होणार हे सगळ्यांना दिसत होतं. साहेबांनी हवालदारांना केबिनमध्ये बोलावलं. मी जबाब टाइप करायला कागद चढवून बसलो होतो. फौजदार यायच्या आत साहेब आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, “तुम बोला, ‘रहने दो’. मुकादम का हाथ फिसला. बस. तुमारा नौकरी रहेगा.”



फौजदार आले. नगरकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, “तुम्ही नेमकं काय म्हणालात?”

“‘सोड’ म्हनलो.”

साहेबांनी बहुधा आधीच कुणाकडून तरी माहिती काढली होती. ते फौजदारांना इंग्रजीत म्हणाले, तुमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘राहू दे’ असाही होतो ना?

फौजदारांनी विचार केला. “होतो,” ते म्हणाले. “‘तो विषय सोड’ असं आपण म्हणतोच की.” मग हवालदारांकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, “तुम्हाला तसंच म्हणायचं होतं ना? मग मुकादमाने उलटा अर्थ घेतला असं होईल.”

सुटायला एवढी मोठी वाट होती. बाहेर व्हरांड्यात धोंडू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याला आतलं ऐकू येत होतं.

“म्हनायचं तसंच हुतं,” हवालदार म्हणाले. “आन् शब्दाचा तसा अर्थ व्हतो बी. पर साहेब, हातात दोर असलेल्या मानसाला न्हाई व्हत. त्येला एकच अर्थ हाय. त्येनं बरूबर ऐकलं. ‘सोड’ मीच म्हनालो.”

मी टाइप केलं.

“आन् हेबी लिवा,” ते पुढे म्हणाले. “दर डावाला बाकीची कामं बंद ठिवायचो. त्या दिशी ठिवू दिली न्हाईत. मी मागितलं हुतं.”

साहेब माझ्याकडे न पाहता इंग्रजीत म्हणाले, “त्याची गरज नाही.” फौजदारांना तेवढ्यात कुणीतरी दाराशी बोलावलं होतं.

माझी बोटं थांबली. आई, दोन बहिणी आणि मी एका खोलीत राहत होतो, आणि ती खोली या नोकरीवर उभी होती. हे मी त्या क्षणी मनात आणलं की नंतर कारण म्हणून शोधलं, ते मला अजून सांगता येत नाही. ते वाक्य कागदावर आलं नाही. हवालदारांनी माझ्या थांबलेल्या बोटांकडे पाहिलं. मग कागद वाचून खाली सही केली.

अपघात म्हणून नोंद झाली. धोंडूवर काही आलं नाही. हवालदारांना त्याच दिवशी कामावरून काढलं. धोंडू आठवडाभरात गावी निघून गेला. जाताना मला म्हणाला, “माका सोडवल्यानी त्येनी. पण माज्या हातातून तो दोर अजून सुटतच आसा.” मंत्री ठरल्या दिवशी आले. बारावा रूळ कसाबसा बसवला होता.

दोनेक महिन्यांनी इटलीहून एक पत्र आलं. पाठीमागे बाईचं नाव आणि फिटरचं आडनाव होतं. साहेबांनी ते उलटसुलट पाहून फाइलला लावायला दिलं. मी ते फाइलला न लावता खिशात घातलं आणि रविवारी सायकलने कुरुळीला गेलो.

हवालदार खळ्याच्या कडेला दगडावर बसले होते. दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. माझ्या न लिहिलेल्या वाक्याबद्दल ते काही म्हणतील म्हणून मी वाटभर शब्द जुळवत आलो होतो. त्यांनी विचारलं, “आई बरी हाय का?” आणि घरात चहा टाकायला सांगितलं.

पत्र त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत दोनदा वाचलं.

“आईचं हाय त्येच्या,” ते म्हणाले. “कंपनीनं मेल्याचं कळवलं, पर बाकी कायबी कळवलं न्हाई म्हनती. इचारती, जवळ कोन हुतं? त्येला लई दुखलं का? आन् शेवटाला काय बोलला?”

शेवटी तो काय बोलला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी मुलाच्या वहीतला कागद मागवून घेतला. मोठ्या रोमन अक्षरांत, एकेक शब्द पुटपुटत, दुपारभर लिहीत राहिले. मध्येच थांबून डोळे मिटायचे. चहा निवून गेला. लिहून झाल्यावर मी विचारलं, “काय लिहिलंत?”

“जवळ मी हुतो, असं लिवलं. दुखाया येळच मिळाला न्हाई, असं लिवलं.” मग कागदाची घडी घालत म्हणाले, “आन् शेवटाला त्येनं ‘माम्मा’ म्हनून हाक मारली, असं लिवलं.”

“पण हवालदार...”

त्यांनी माझ्या हातावर तळहात ठेवला. फौजदारापुढे नोकरी गेली तरी एक अक्षर न फिरवणारा हा माणूस एका अनोळखी म्हातारीला खोटं लिहून मोकळा झाला होता. आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर मोकळेपणा नव्हता. दुसऱ्या कुणाचं ओझं उचलून घेतल्यासारखे ते बसले होते.

पत्र मी चिंचवडच्या पोस्टात टाकलं.

पावसाळा संपता संपता कुरुळीचा एक जण कामाला लागला. त्याच्याकडून कळलं की आषाढात हवालदारांना ताप भरला. छावणीत असतानाचा जुना हिवताप होता, म्हणाला. पाचव्या दिवशी गेले. तापात कुणाला कळेना अशा भाषेत बोलत होते. घरच्यांना वाटलं, वात झाला.

त्यानंतर दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या पत्त्यावर इटलीहून दुसरं पत्र आलं. या वेळी पाकिटावर हवालदारांचं नाव होतं, वेड्यावाकड्या, थरथरत्या अक्षरांत. पाकीट जाड होतं. कुरुळीला नेऊन देण्यात अर्थ नव्हता, तिथे ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. पुण्यात इटालियन जाणणारे पाद्री असतात असं मला कुणीतरी सांगितलं. मी दोनदा स्टेशनापर्यंत गेलो आणि परत आलो.

इतकी वर्षं ते माझ्या ट्रंकेत आहे. अजून फोडलेलं नाही.